गुलाबपाण्याचं वर्क परमिट

कतारमध्ये अल खोरला राहणाऱ्याच्या घरात धूळ कुठून येते ते विचारू नये. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. आमच्या घरात किस्सेही तसेच साचतात. नवरा इंजिनिअर, त्याचे मित्र इंजिनिअर, आणि सगळे एकाच प्लांटवर! या जानेवारीत मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. म्हटलं, एका भांड्याला हीटिंग एलिमेंट जोडून द्या. खलास! पुढच्या दोन आठवड्यांत घरात पुसता पुसेना एवढं साचलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मिरजेची. एम.एस्सी. केमिस्ट्री. लग्नाआधी तीन वर्षं कॉलेजात प्रॅक्टिकल्स घेतली, मग नितीनबरोबर इथे आले आणि अकरा वर्षं पोहे केले. मागच्या अंगणात माझी गावठी गुलाबाची चौदा रोपं आहेत. चार उन्हाळे मी ती एसीच्या पाण्यावर जगवली, रोज दोन बादल्या, हाताने. यंदा पहिल्यांदा ती अशी फुलली की रोज टोपलीभर फुलं निघायची. हा बहर फार तर दोन आठवडे टिकतो. दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं, आणि मी सगळ्यांसमोर बोलून बसले होते, "या वर्षी गुलाबपाणी माझ्या घरचं!"

कुकरमध्ये करून पाहिलं. कपभर निघालं आणि त्याला तुरीच्या वरणाचा वास! कंपनीच्या क्वार्टरमधल्या काचेच्या शेगडीवर वीस लिटरचं भांडं दीड तास नुसतं बसून राहिलं. म्हणून एलिमेंट.

*

नितीनने पहिल्याच संध्याकाळी दोघांना बोलावलं. कुलकर्णी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, सावंत सेफ्टीत. तिघं हॉलमध्ये, भांडं मधोमध, मी चहा घेऊन.

मी म्हटलं, "आत एक जाळी लागेल. नाहीतर पाकळ्या एलिमेंटला चिकटून करपतील."

कुलकर्णी म्हणाला, "वहिनी, आलं मस्त लागतंय चहात."

मग दोन तास चर्चा झाली. जगातल्या मोठमोठ्या टॉवरांमधून रोज काय काय ऊर्ध्वपातन करून काढणारी ही माणसं! शेवटी असं ठरलं की एलिमेंटला वायर कोणी जोडायची नाही, कारण तिघांपैकी कोणीच इलेक्ट्रिकलचा नाही.

"अरे, तीन तर वायरी आहेत!" मी म्हटलं.

"ती वेगळी डिसिप्लिन आहे गं," नितीन म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी नितीन बाजारात गेला. हार्डवेअरच्या दुकानात त्याने यादी वाचली: वीस लिटरच्या भांड्याला बसेल असं एलिमेंट, तांब्याची नळी चार मीटर, आणि नळीची गुंडाळी करून मिळेल का?

दुकानदार लखनौचा, वयस्कर. त्याने यादी दोनदा ऐकली. मग चष्मा काढून, काउंटरवरून पुढे वाकून हळूच म्हणाला, "भाईसाहब, फॅमिली यहीं है आपकी?"

"हां, क्यों?"

"तो फिर उनके बारे में सोचिए!"

इथे घरी दारू गाळणाऱ्याला तुरुंग, आणि यादी नेमकी भट्टीची! नितीन रिकाम्या हाताने घरी आला. शेवटी दुसऱ्या दुकानातून मी आणलं, पोरीला बरोबर घेऊन. शाळेच्या युनिफॉर्ममधली मुलगी बरोबर असली की तांब्याची नळी निमूट मिळते.

*

मग मीच बाजारातला एक इलेक्ट्रिशियन बोलावला. तो आला, बूट काढले, हॉलमध्ये शिरला आणि भांडं, नळी, नळीखालची बाटली असं सगळं पाहून तिथेच थांबला.

"मॅडम, ये क्या है?"

"गुलाबजल बनाना है."

तो खूप दमलेल्या माणसासारखा हसला. "सब यही बोलते हैं."

मी त्याला फुलांची टोपली दाखवली. झाडं दाखवली. चार वर्षांचे फोटो दाखवले! तो मान डोलवत होता आणि पायाने मागच्या मागे बूट शोधत होता. चहाही न घेता गेला. आणि आमची इरा, मराठी सगळं कळतं पण उत्तर कायम इंग्लिशमध्ये, सोफ्यावरून विचारते, "मम्मा, आर वी क्रिमिनल्स?"

*

यावर सावंतचा उपाय ऐका. त्याने फर्मान काढलं की फोनवर आणि ग्रुपवर 'डिस्टिलेशन', 'एलिमेंट', 'कॉइल' हे शब्द कोणी वापरायचे नाहीत. आजपासून या प्रोजेक्टला 'श्रीखंड' म्हणायचं.

झालं! तिघांचे फोन सुरू. "श्रीखंडाचं काय झालं?" "श्रीखंड या वीकेंडला होऊन जाईल, इन्शाल्ला." "वीस लिटरचं आहे, सगळ्यांना पुरेल!" कुलकर्णी हे शेवटचं वाक्य कंपनीच्या बसमध्ये बोलला. बसमध्ये मराठी कळणारे किती आहेत, हे त्याच्या एकाही इन्स्ट्रुमेंटला कळलं नाही.

बुधवारी संध्याकाळी पाच कुटुंबं वाट्या-डबे घेऊन दारात उभी! एक वहिनी तर पुऱ्या तळून घेऊन आल्या होत्या. मी हसत सगळ्यांना बसवलं, आणि नितीनला स्वयंपाकघरात नेऊन जे बोलले ते इथे लिहीत नाही. सहा किलो दही आणलं, दुसऱ्या दिवशी श्रीखंड करून पाच घरी पोचवलं. अंगणात तोवर त्या दिवसाची फुलं उन्हात वाळून गेली.

*

कुलकर्णीला राहवत नव्हतं. वायर जोडायला माणूस नाही तर नाही, आपण आपला भाग पुरा करू म्हणून त्याने भांड्याला टेंपरेचर सेन्सर बसवले. एक नाही, तीन! एक बिघडला तर बाकीचे दोन मत देतील म्हणे. शिवाय एक डिस्प्ले. एलिमेंट अजून खोक्यातच. म्हणजे पाणी थंड आहे ही बातमी आम्हाला तीन ठिकाणांहून मिळत होती, दशांश चिन्हासकट.

त्याच रात्री जेवताना नितीन मोबाईलवर व्हिडिओ पाहत होता. एकदम ओरडला, "अगं! आत जाळी लागेल! नाहीतर पाकळ्या एलिमेंटला चिकटून करपतील!"

मी आमटी वाढत होते. डाव पातेल्यात टाकला आणि पातेलंच उचलून आत नेलं.

"काय झालं?" तो म्हणाला. त्याने तो शोध लगेच ग्रुपवर टाकला. सावंतने लिहिलं, "ग्रेट कॅच, सर!"

*

इथे पीटरमामा येतात. पीटरमामा वसईचे, कंपनीत हेड इलेक्ट्रिशियन. तीस वर्षं इथेच काढलेली, पुढच्या महिन्यात रिटायर होऊन गावी जाणार. मामा येतो म्हणाले, पण एका अटीवर: कागद पुरा पाहिजे. सावंतला एवढंच हवं होतं. त्याने प्लांटच्या फॉर्मवरून आमच्या घरासाठी वर्क परमिट, म्हणजे काम सुरू करायचा लेखी परवाना, बनवलं. धोक्यांच्या यादीत गरम पाणी, वाफ, काटे आणि इरा.

आणि मामा येईपर्यंत कोणी आगाऊपणा करू नये म्हणून त्याने एलिमेंटसाठी आणलेल्या वायरच्या प्लगला कुलूप घातलं! प्लगभोवती बसणारी लाल प्लास्टिकची डबी असते, तिला छोटं कुलूप आणि त्यावर चिठ्ठी: 'सावंत. हात लावू नये.' प्लांटवर हा नियम देवाच्या शपथेसारखा पाळतात. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं.

रविवारी मामा अवजारांची पिशवी घेऊन आले. सावंत ट्रेनिंगला दोह्याला गेलेला. चावी त्याच्या खिशात.

"तोडा ना ते!" मी म्हटलं. "खेळण्यातलं कुलूप आहे!"

नितीन माझ्या आणि प्लगच्या मध्ये येऊन उभा राहिला. मामाही मान हलवत म्हणाले, "नाय बाय. माणसं मरतात, म्हणून कायदा हाय. ज्याचं कुलूप त्याचं." आणि गेले. आता थेट शुक्रवारी येणार.

राग मामांचा नाही आला. ते खरं बोलत होते. पण फ्रिज उघडला तर चार दिवस जपलेल्या पाकळ्या काळ्या पडायला लागल्या होत्या. मी त्या पिशवीत भरून कचऱ्यात टाकल्या आणि ओट्याला टेकून रडले. गुलाबपाणी दुकानातही मिळतं, मला माहीत आहे. पण अकरा वर्षांत मी शिकले होते त्यातलं काहीतरी पहिल्यांदा करणार होते, आणि झाडांवर आता शेवटच्या दोन टोपल्या उरल्या होत्या.

*

शुक्रवारी दोह्याच्या चर्चमधली मिस्सा आटपून मामा तडक आमच्याकडे आले. इस्त्रीचा शर्ट, हातात तीच पिशवी. सावंतने कुलूप काढलं आणि परमिट पुढे केलं. मामांनी चष्मा लावून ते पहिल्या ओळीपासून वाचलं. त्यावर तीन माणसांच्या मिळून सहा सह्या होत्या.

"हे भांडं चालवनार कोन?" मामांनी विचारलं.

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग हिची सही कुठे हाय?"

सावंत घसा खाकरून म्हणाला, "मामा, वहिनींसाठी फॉर्ममध्ये कॉलमच नाही."

मामांनी टेस्टर परत खिशात घातला. "तर कॉलम काढा."

कुलकर्णीने इराच्या पट्टीने कॉलम आखला. मी सही केली. पुढे पदनाम होतं. नितीन हळूच म्हणाला, "हाउसवाइफ लिही, चालेल." मी 'केमिस्ट' लिहिलं. मामांनी ते वाचलं, कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि माझ्याकडे वळले, "आता बोल, बाय. तुला कसं पायजे?"

हा प्रश्न इतक्या दिवसांत मला कोणीही विचारला नव्हता. मी सांगितलं: एलिमेंट कायम पाण्याखाली राहिलं पाहिजे, त्याच्या वर जाळी, आणि बंद करायचं बटण माझ्या हाताजवळ, वाफेपासून लांब. नितीन मध्ये काहीतरी बोलायला गेला, तर मामांनी त्याच्या हातात टॉर्च दिला. "तू हे धर." पाऊण तास माझा नवरा टॉर्च धरून उभा होता. मामांनी अर्थिंग तीनदा तपासलं. कुलकर्णीचे दोन सेन्सर मात्र काढून त्याच्या हातात ठेवले.

पैसे घेतले नाहीत. "घरच्या आल्ताराला, देवापुढं ठेवायला, छोटी बाटली भरून दे," म्हणाले, "गावी नेईन." निघताना पिशवीतून स्वतःची लाल डबी आणि कुलूप काढून माझ्या हातात दिलं. चावी एकच. "माझं काम आता संपलं. तुला लागंल."

*

शनिवारी अकरा वाजता कमिशनिंग, म्हणजे भांडं चालू करायचा मुहूर्त, ठरलं होतं. म्हणजे तिघांनीच ठरवलं होतं. नितीन शुक्रवारी झोपतानाच म्हणाला, "बटण कुलकर्णी दाबेल, त्याची फार इच्छा आहे."

बरोबर अकराला कुलकर्णी आणि सावंत हजर झाले. कुलकर्णीच्या हातात नारळ, सावंतच्या हातात हार आणि सगळ्यांसाठी हेल्मेट! इराला फोटो काढायला उभं केलं. नितीनने भांड्याला हळदीकुंकू लावलं. कुलकर्णीने शर्टाच्या बाह्या सावरल्या, "यल्ला, चला!" म्हणाला आणि प्लगकडे हात नेला.

मी पैठणी नेसून दारात चपला घालत होते. पहाटे पाचलाच उठले होते. पिशवीत सहा बाटल्या होत्या, मामांची सातवी बाजूला काढलेली, आणि सगळ्या घराला माझ्या अंगणाचा वास होता.

"अरे," नितीन म्हणाला, "प्लगला हे काय?"

लाल डबी, कुलूप, आणि चिठ्ठीवर माझं अक्षर.

नितीनने डबी हातात घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात सावंतने त्याचं मनगट धरलं. हेल्मेट नीट केलं, दोन पावलं मागे सरला आणि प्लांटवर बोलतो त्या आवाजात म्हणाला,

"सर, मागे व्हा. वहिनींचं कुलूप आहे!"