मोहाखालची जागा

पाचोळा जळाल्याचा वास आला की लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवतो. अहेरीकडच्या आमच्या गावात जो मोहाच्या झाडाखालची जागा झाडून पाचोळा जाळतो, त्या हंगामातली फुलं त्याची. सासरे गेल्यावर त्यांच्या मोहावरून नवरा आणि दीर भांडत होते. त्या पहाटे तिघंही पोचलो, तर जागा आधीच लख्ख, राख अजून कोमट. "तू काऊन झाडलं?" नवरा ओरडला. "मी नाई भाऊ, मले वाटलं तूच," दीर म्हणाला. तेवढ्यात गावातच दिलेली नणंद खराटा घेऊन पुढे आली. "बाबा होते तवाही मीच झाडत होती. वाटणीत मले कोणी इचारलं?" फुलं टपटपत राहिली, आणि रिकामी टोपली घेऊन वाकावं की नाही, हेच मला कळेना. नणंद थकल्यापासून ती जागा मीच झाडते, तरी पहिलं फूल उचलताना ते तिचंच वाटून हात थबकतो.