ससा गोल पळत नाही

आबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे परदेशात, श्रूजबरीला आले, त्या दिवशीही आमच्या लॉनवर ससे चरत होते. भर दुपारी, कुणाची भीडभाड न ठेवता. आबा खिडकीशी उभे राहून म्हणाले, "ह्यांच्यामागं कुणी लागत न्हाई वाटतं. पार निसवलीत."

माझे वडील माणदेशातले. तरुणपणी, शिकारीवर बंदी यायच्या आधी, ते माळावर ससे धरायचे. वाघर म्हणजे सुतळीचं लांब जाळं. ते सशाच्या वाटेवर ताणायचं आणि बाकीच्यांनी पलीकडून झुडपं बडवत, आरोळ्या ठोकत यायचं. ससा जीव घेऊन सरळ सुटायचा तो वाघरीतच पडायचा. या विषयात गावात आबांचा शब्द शेवटचा. इथे मात्र त्यांचा शब्द कुणाला कळतच नव्हता. माझी सहा वर्षांची लेक मराठी जेमतेम समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. आबांना इंग्रजीतला एकच शब्द येत होता, 'अगेन'. तोही तिनेच शिकवलेला. ते खिशातला रुमाल दुमडून त्याचा दोन कानांचा ससा करायचे, तो दंडावर टुणकन उडवायचे, आणि ती किंचाळायची, "अगेन!" आबांच्या त्या सहा महिन्यांतलं सगळं सुख त्या एका शब्दात होतं.

मग एकदा जेवताना तिने विचारलं की आबा लहान असताना काय खेळायचे. आबा रंगात आले. वाघर, आरोळ्या, सगळं सांगितलं. मी भाषांतर करत होतो, थोडं गाळत होतो. पण शेवटी आबांनी सशाची मान कशी मोडायची ते हातानेच दाखवलं. त्याला भाषांतर लागलं नाही.

"यू किल्ड बनीज?" लेक म्हणाली आणि ताट सोडून उठली.

त्यानंतर ती त्यांच्या जवळ बसेना. रुमाल निघाला की खोलीत निघून जायची. आबा मला म्हणायचे, "तू सांग की तिला, आम्ही भुकेपायी मारायचो." मी सांगितलं. दोनदा, तीनदा सांगितलं. पोरगी ढिम्म. ऑफिसात मी लोकांच्या बंद पडलेल्या सिस्टिम चालू करून देतो. घरात मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

शेजारचा गोरा म्हातारा थंडीत बीगल कुत्री घेऊन सशांच्या शिकारीला जायचा. कुंपणाशी त्याची आणि आबांची गाठ पडली आणि मी पुन्हा दुभाष्या. तो म्हणाला, कुत्र्यांनी ससा उठवला की आपण जागचं हलायचं नाही, ससा गोल फिरून परत तिथेच येतो. आबा मला म्हणाले, "गोल? ससा कधी गोल पळंल का? थापा मारतोय म्हातारा." म्हाताऱ्यालाही आबांनी सांगितलेली जाळ्याची गोष्ट पटलेली दिसत नव्हती. मी दोघांनाही सांगितलं, समोरच्याला तुमचं फार आवडलंय.

मे महिन्यात एका शनिवारी मी गवत कापत होतो. लेक ओरडली म्हणून मशीन बंद केलं. गवतात तळहाताएवढा खळगा, वर केसांचं पांघरूण, आणि खाली चार पिल्लं. गुलाबी, उघडीनागडी, डोळे मिटलेली. आबा लगबगीने आले, वाकले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"सशाची पिल्लं डोळं उघडं घेऊनच जन्मत्यात. अंगावर केस असत्यात. ही दिवस भरायच्या आधीच पडलीत. आईला कुणीतरी मारलंय, न्हाईतर ती आसपास असती."

सशांच्या बाबतीत आबांपुढे मी काय बोलणार? मी ते इंग्रजीत सांगितलं. लेकीने विचारलं, "विल दे डाय?"

"मरू देतोय व्हय मी?" तिचा चेहरा बघून आबा म्हणाले. हे मात्र तिला तसंच कळलं.

बुटांच्या खोक्यात कापूस घातला. आबा ड्रॉपरने कोमट दूध पाजायला लागले आणि लेक त्यांच्या मांडीला रेलून बसली. शनिवारची संध्याकाळ, रविवार, ती तिथून हललीच नाही. आबा एका हाताने ड्रॉपर धरायचे, दुसरा हात तिच्या डोक्यावर. मी दारातून बघत होतो आणि मला बरं वाटत होतं.

सोमवारी सकाळी चारही पिल्लं गार पडलेली होती.

आम्ही कुंपणाजवळ खड्डा खणत होतो, तेव्हा शेजारचा म्हातारा आला. खोक्यात बघून हळहळला. म्हणाला, ही अशीच जन्मतात, आंधळी, बिनकेसांची. आई दिवसभर लांब राहते, माग लागू नये म्हणून, आणि फक्त पहाटे अन् संध्याकाळी दूध पाजून जाते. मी आबांचं म्हणणं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "ओह, तुझे वडील हेअरबद्दल बोलतायत. हे रॅबिट आहेत." आणि उगवतीच्या बाजूच्या झुडपाकडे बोट दाखवून म्हणाला, "देअर मॉम वॉज राइट देअर."

दोन वेगळे प्राणी. हेअर सरळ पळणारा, उघड्या डोळ्यांनी जन्मणारा; रॅबिट गोल फिरणारा, आंधळा जन्मणारा. आपल्या मराठीत दोघंही ससेच. हे आता आबांना कसं सांगायचं, याची मी जुळवाजुळव करत होतो. लेकीला मात्र सांगायची गरजच नव्हती. म्हातारा तिच्याच भाषेत बोलला होता. तिने झुडपाकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि थंड आवाजात मला म्हणाली, "बाबा, ही डिड इट अगेन."

आबांनी मान वर केली. वाक्यातला तेवढा एकच शब्द त्यांना ओळखीचा होता. त्यांचा चेहरा उजळला. मातीचे हात धोतराला पुसून त्यांनी घाईघाईने खिशातून रुमाल काढला आणि दुमडायला लागले. कान ओढून झाले, ससा तयार झाला, त्यांनी तो हातावर बसवून पुढे केला. लेक घरात निघून गेली होती.

"येती न्हवं रं ती परत?" आबांनी विचारलं.

"येईल," मी म्हणालो. ते रुमाल तसाच धरून उभे राहिले.