न पिळलेली बाळुती

सुनेचं बाळंतपण तिच्या माहेरी, पेणला झालं. बाळाला घेऊन ती रोह्याला परतली तेव्हा तिच्या मदतीला मी गावाहून आले. आमचं गाव गडबच्या बाजूला. मुलगा कंपनीत लागल्यापासून ती दोघं रोह्याला भाड्याच्या ब्लॉकमध्ये राहत होती. माझ्या गाठोड्यात माझे कपडे थोडे आणि बाळुतीच जास्त होती. जुन्या सुती साड्या धुऊन धुऊन मऊ झाल्या होत्या, त्या फाडून, कडा दुमडून मी ती शिवली होती.

सुनेनं एक बाळुतं गालाला लावून बघितलं. "किती मऊ आहेत हो आई," म्हणाली आणि सगळी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिली. खालच्या कप्प्यात, हाताशी, डायपरचे पुडे होते.

मला बोलायला जमतच नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पण बाईंनी उभं केलं की उत्तर येत असूनही मी जमिनीकडे बघत राहायची. पुढं लग्न झालं, मुलं झाली, तरी ते तसंच राहिलं. घरात कोणी आलं की मी स्वयंपाकघरात. त्यात सून शिकलेली, कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. तिच्यासमोर मी काय बोलणार?

पण नातीच्या मांड्यांच्या सांध्यात लाल चट्टे उठले तेव्हा मला राहवलं नाही.

"दिवसा तरी मोकळी ठेवूया गो तिला. अंगाला जरा वारा लागू दे."

"आणि धुणार कोण आई? पाऊस बघताय ना?"

"मी धुईन."

"वाळवणार कुठं?"

"वाळवीन."

तिनं वरच्या कप्प्यातली बाळुती खाली काढली. मग म्हणाली, "बरं. दिवसा तुमची बाळुती, रात्री आणि बाहेर जाताना माझे डायपर. चालेल?" चट्टे चारपाच दिवसांत उतरले. पुन्हा त्यावर बोलणं झालं नाही, पण एखादं बाळुतं गळून चादर भिजली की ती माझ्याकडे न बघता चादर काढायची, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

आमच्याकडे बाळुती पिळत नाहीत. पिळली तर बाळाच्या पोटात पीळ पडतो, असं मानतात. माझ्या सासूनं मला कधी पिळू दिली नाहीत. पाण्यातून काढायची, दोन तळव्यांत दाबायची आणि निथळत टाकायची. गावाला ते चालून जायचं. पडवीत शेगडी असायची, तिच्यावर बांबूचं पालथं डालगं आणि डालग्यावर बाळुती. बाहेर पाऊस कोसळत असला तरी ती कडक वाळायची आणि त्यांना ओव्याच्या धुरीचा वास यायचा. रोह्याच्या ब्लॉकमध्ये शेगडी कुठून येणार? मी गॅलरीत दोरी बांधली. दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात भेटली.

"आजी, आमच्याकडं दोन पाऊस पडतात बघा. एक आभाळातला आन् एक तुमच्या गॅलरीतला!"

ती हसत होती, पण मी मान खाली घालून वर आले आणि दोरी आतल्या खोलीत पंख्याखाली घेतली. तिथं बाळुती दिवसभर हलत राहायची. संध्याकाळी मी घड्या करायची. हाताला गार लागायची, पण त्या दिवसांत गादी, उशी, सगळंच गार लागत होतं. डब्यातल्या मिठालाही पाणी सुटलं होतं.

श्रावणात एके दिवशी सकाळी नातीचं अंग तापलं. दूध ओढेना, थोडं ओढलं तेही उलटून टाकलं. मुलगा फर्स्ट शिफ्टला गेलेला, पुढं सेकंडही करून रात्रीच येणार होता. कंपनीत मोबाईल गेटवरच ठेवून घेतात, त्यामुळं सुटी होईपर्यंत त्याला कळवायचीही सोय नव्हती. आम्ही दोघींनी थोडी वाट बघितली. दुपार व्हायच्या आधी सुनेनं बाळाला नवा डायपर बांधला आणि आम्ही रिक्षानं पुलापलीकडच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी टाळूवर हात फिरवला, जीभ बघितली, पोट दाबून बघितलं.

"लघवी नीट होतेय?"

"रात्रीचा डायपर हलका वाटला," सून म्हणाली. "पण सकाळपासून बाळुत्यात होती. आई बदलतात." आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली.

"बोला ना आजी. भिजतंय का बाळुतं?"

"भिजतं," मी म्हटलं. माझ्या हाताला सकाळपासून प्रत्येक बाळुतं ओलंच लागलं होतं.

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, मीठसाखरेच्या पुडीचं पाणी चमच्यानं पाजत राहायला सांगितलं. "लघवी होतेय तोवर घाबरू नका. पण नजर ठेवा. दिवेलागणीपर्यंत झाली नाही तर तशीच उचलून आणा. सलाईन लावायला अलिबागला न्यावं लागेल, आणि या पावसात रस्ता कसा असेल सांगता येत नाही."

घरी आलो तेव्हा लाईट गेलेली. सून खिडकीशी बाळाला मांडीवर घेऊन बसली, डायपर वरून दाबून बघितला, मग आत बोट घालून बघितलं.

"काहीच कळत नाही हो," ती म्हणाली. "हा सगळं आत ओढून घेतो. झाली असेल तरी वरून कोरडाच."

तिनं डायपर सोडून बाजूला टाकला. मी घडीतलं बाळुतं घेऊन बांधलं. चमचा चमचा पाणी पाजलं. नात रडतही नव्हती, नुसती पडून होती आणि मधूनच ओठ हलवत होती. बऱ्याच वेळानं मी बाळुत्याला हात लावला. ओलं.

"झाली गो!" मी म्हटलं.

सुनेनं डोळे मिटले आणि भिंतीला टेकली. मी बदलायला दुसरं बाळुतं उचललं आणि माझा हात तसाच राहिला. उजव्या हातात बाळाच्या अंगावरून काढलेलं, डाव्या हातात घडीतलं, अजून न वापरलेलं. दोन्ही सारखीच ओली, सारखीच गार. मी काढलेलं नाकाशी नेलं. त्याला नुसता साबणाचा वास होता.

मी घडीतलं तिसरं बघितलं, चौथं बघितलं. पंख्याखाली ती वरून सुकल्यासारखी झाली होती, दुमडलेल्या कडांमध्ये पाणी तसंच होतं. मग सकाळपासून भिजलं म्हणून मी जी बदलली, ती कशानं भिजली होती?

तोंड उघडायला मला किती वेळ लागला कोण जाणे. सून डोळे मिटून बसली होती. तिला आत्ताच कुठं हायसं वाटलं होतं.

"ही आधीपासनंच ओली हाईत," मी म्हटलं.

"कोणती?"

"सगळी. पोरीनं केलेली नाय. आत्ता पन नाय आन् सकाळी पन नसंल."

तिनं डोळे उघडले. "म्हणजे रात्रीपासून? आई, डॉक्टरांना आपण काय सांगितलं?"

ती उठली, माझ्या हातातलं बाळुतं घेऊन मोरीत गेली. पिळायला तिनं दोन टोकं धरली आणि थांबली. मी आल्या दिवशी तिला सांगितलं होतं, पिळू नको, बाळाच्या पोटात पीळ पडतो. तिचा त्यावर विश्वास नव्हता, पण तिनं माझा शब्द मोडलेला नव्हता. आताही ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी पुढं झाले आणि एक टोक धरलं. दुसरं तिनं धरलं. चादर पिळतात तसा आम्ही दोघींनी उलटसुलट पीळ घातला. कडांमधून मोरीत पाणी ठिबकलं. आतून नात रडते का म्हणून मी कान देत होते, आणि रडली नाही म्हणून आणखी भ्यायले.

लाईट नव्हती, त्यामुळं इस्त्री नाही. गॅसवर तवा ठेवला, तव्यावर पातेलं पालथं घातलं आणि त्याच्यावर बाळुतं पसरलं. वाफ निघाली. उलटून पुन्हा टाकलं. सुनेनं ते गालाला लावून बघितलं, पहिल्या दिवशी लावलं होतं तसं. "आता कोरडं," म्हणाली. अशी तीनचार तयार केली. त्यातलं एक बाळाला बांधलं आणि आम्ही बसलो.

चमच्यानं पाणी. मग सुनेनं अंगावर घेऊन बघायचं, नात थोडं ओढायची. पुन्हा पाणी. मी मधूनमधून बाळुत्याखाली बोट सरकवायची. कोरडं. सून विचारायची नाही, नुसतं माझ्या तोंडाकडे बघायची. मी नाही म्हणून मान हलवायची.

खालची शेजारीण दाराशी आली. "लाईट कधी येणार काय कळलं का?" म्हणत आत डोकावली आणि आमची तोंडं बघून आतच आली. सुनेनं सांगितल्यावर म्हणाली, "माझा दीर रिक्षा घेऊन खालीच हाय. सांगून ठेवते. नदीचं पाणी चढतंय म्हणतात, फार थांबू नका."

सुनेनं पिशवी भरायला घेतली. मी पुन्हा बोट घातलं. कोरडं. बाहेर अजून उजेड होता, पण देवापाशी दिवा लावायची वेळ झालीच होती. मी दिवा लावला, हात जोडले, मागे वळले तर सून बाळाला उचलून उभी.

"निघूया आई." तिच्या हातात डायपर होता.

"तो नको गो," मी म्हटलं. "वाटेत झाली तर आपल्याला कळायला हवी."

तिनं डायपर तिथंच खाली ठेवला.

रिक्षात मी बाळाला मांडीवर घेतलं. दोन्ही बाजूंनी पावसाची झड आत येत होती. सुनेनं छत्री आडवी धरली, तरी माझा पदर भिजला, गुडघे भिजले. पुलावर पोचलो. खाली गढूळ पाणी बरंच वर आलेलं. रिक्षावाला हळू चालवत होता. सून पाण्याकडे बघत नव्हती, बाळाकडेही बघत नव्हती, समोर बघत होती.

पूल संपता संपता मला मांडीवर काहीतरी लागलं. मी हललेही नाही. ते पसरत पसरत साडीतून आतपर्यंत आलं.

"थांब गो," मी म्हटलं.

"काय झालं?"

"झाली."

तिनं माझ्या साडीवर हात ठेवला. "आई, पावसाचं पाणी असेल. सगळंच ओलं आहे."

"पावसाचं पानी गरम असतं काय? नीट बघ."

तिनं हात बाळुत्याखाली घातला आणि तसाच ठेवला. रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "काय वैनी, परत फिरवू?" ती रडत होती, त्यामुळं मीच म्हटलं, "नाय, डॉक्टरांकडेच चल. त्यांना दाखवायचंय."

दवाखान्यात बाकं भरलेली होती. माझ्या साडीवर पुढं एवढा मोठा ओला डाग. एरवी मी अशी चार माणसांत उभी राहिले नसते, कोपरा धरला असता. पण कंपाउंडरनं दार उघडलं आणि सून मागं पिशवी सांभाळत होती, तेव्हा मी बाळाला घेऊन तशीच आत गेले.

डॉक्टरांनी वर बघितलं. त्यांनी काही विचारायच्या आधी मी म्हटलं, "सकाळी मी सांगितलं ते चुकलं होतं. बाळुती आधीच ओली होती. पण आत्ता झाली. खरी झाली. ही बघा."