अर्ध्या नावाचं फळ

इस्पितळाच्या फाटकासमोर पातीकाकांची हातगाडी. गाडीवर फळ एकच, नाशपाती. पण हा शब्द काकांच्या तोंडून तीस वर्षांत कुणी ऐकला नव्हता. धंद्याच्या पहिल्याच दिवशी एका बाईंनी फळाचं नाव विचारलं, यांनी मोठ्या झोकात सांगितलं, आणि बाई पिशवीची घडी घालून चालत्या झाल्या. मुलगा आत खाटेवर पडलेला. नावातच नाश असलेलं फळ ती माउली कशी नेणार? काकांनी कानाला खडा लावला. पुढचा नाश छाटून टाकला, मागची पाती तेवढी ठेवली. पुढे माणसालाही तेच नाव पडलं.

एवढा एक शब्द सोडला तर बोलण्यात काटकसर नव्हती. पोट साफ होत नसेल तर सालासकट खा, चोथा सालातच जास्त. खोकल्याने घसा सोलवटला असेल तर फोडी पाण्यात मऊ शिजवा, चिमूटभर वेलची टाका आणि कोमट असतानाच घ्या. तापातून उठलेल्याला चांगली पिकलेली द्या, जड पडत नाही. डॉक्टरांची गोळी मात्र सोडायची नाही, असं वर दटावायचे. आणि कुणी फळाचं पोट दाबायला लागला की त्याचा हात धरायचे. दाबायचं ते देठापाशी! ही बया झाडावर धड पिकत नाही, घरी येऊन सावकाश पिकते. देठाजवळ मऊ लागली की झाली.

दुपारी रस्ता पेंगायचा. काकाही स्टुलावर डोळे अर्धे मिटून बसायचे. फाटकातून आत गेलेल्या सगळ्या पाती त्यांना दिसायच्या, कुणाच्या उशाशी, कुणाच्या खिडकीत, हळूहळू पिवळ्या होणाऱ्या. गाडीवरच्या पिकत्या फळांच्या वासात तासन्‌तास कुठे जायचे ते त्यांनाही कळायचं नाही.

यंदा मात्र दिव्याखालीच अंधार झाला. काकू महिनाभर तापाने अंथरुणाला खिळल्या. ताप गेला तो तोंडाची चव घेऊन गेला. घास नुसता तोंडात घोळायचा. आठवड्याभरात खायला लागल्या नाहीत तर इस्पितळात दाखल करावं लागेल, आणि मग काही खरं नाही, असं डॉक्टरांनी काकांना बाहेर नेऊन सांगितलं. काकांनी पाती शिजवली, किसली, रस काढला. काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. एरवी या बाईच्या जिभेला हाड नव्हतं. नाव कापलं म्हणून नाश टळतो होय, असं विचारून तिने नवऱ्याला तीस वर्षं छळलं होतं. आता ती काहीच बोलत नव्हती, आणि काकांना त्याचीच जास्त भीती वाटत होती.

शेवटी त्यांनी हात टेकले. एक हिरवी, टणक पाती खाटेसमोरच्या खिडकीत ठेवली आणि खाण्याचा विषयच सोडला. सकाळी उठून देठापाशी दाबायचे, "आज नाही" असं स्वतःशी म्हणायचे आणि गाडीवर जायचे. काकू पडल्या पडल्या बघत राहायच्या. ऊन खिडकीत यायचं, फळावरून सरकायचं, निघून जायचं. हिरवा रंग कधी विरला कळलं नाही, पण खोलीला मंद गोड वास येऊ लागला.

चौथ्या दिवशी काका निघायच्या घाईत होते. मागून बारीक आवाज आला, "आज बघितली नाहीत?"

त्यांनी वळून दाबली. "उद्या होईल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाबली, तर अजून थोडी कसर होती. गाडीवर मन लागेना. एका गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतःच फळाचं पोट दाबून दिलं, तेव्हा त्यांचं त्यांनाच हसू आलं. गाडी झाकून, पाच-सहा पाती पिशवीत टाकून ते भर दुपारी घरी आले, तर खिडकी रिकामी. पडली, की वैतागून फेकली?

काकू खाटेवर बसलेल्या होत्या, महिन्यात पहिल्यांदाच कुणाच्या आधाराशिवाय. हनुवटीवर रस ओघळला होता. मांडीवरच्या बशीत देठ आणि चार बिया.

"पाती कुठे गेली?" काकांनी विचारलं.

काकूंनी मनगटाने हनुवटी पुसली. "केला तिचा नाश. आणखी आहेत का?"

तीस वर्षं ज्या शब्दाला गाडीजवळ फिरकू दिलं नाही, तो काकांना इतका गोड लागला की खाटेच्या कडेला बसून त्यांनी काकूंना तो पुन्हा म्हणायला लावला. मग डोळे पुसत पिशवी उपडी केली.