लोंबणारं टोक

झरी गावातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये कुठे निळी वायर लोंबताना दिसली की मला त्या मावशी आठवतात. त्या क्लास झाडायच्या आणि मग कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर टायपिंग शिकायच्या. परीक्षेचा फॉर्मही भरला होता. एका सकाळी सराव परीक्षा सुरू झाली आणि सगळे कॉम्प्युटर एकदम अडकले. ओल्या फरशीवरून फिनाईलचा वास येत होता. मी सरळ मावशींना विचारलं, "वायरींना हात लावलात का?" "न्हाई मॅडम, म्या निसती फरशी पुसली." "मग काय भूत येऊन गेलं?" पोरं हसली. "तुमी म्हन्ता तर आसंल," म्हणत मावशींनी बादली उचलली आणि त्या गेल्या. दुपारी परभणीहून दुरुस्तीवाला आला. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी मधल्या नेटवर्क स्विचच्या डब्यात येतात. त्यातल्या एका वायरीची दोन्ही टोकं त्याच डब्यात खोचलेली होती, म्हणून माहिती तिथल्या तिथे गरगरत राहिली होती. "हे कोणी केलं?" त्याने विचारलं. सकाळी एक टोक लोंबताना दिसलं म्हणून मीच ते रिकाम्या भोकात बसवलं होतं. "झालं असेल चुकून," मी म्हणाले. मावशींच्या घरी जायला मी आठ दिवस लावले. तोवर त्यांनी दुसरीकडे काम धरलं होतं. परीक्षेलाही त्या आल्या नाहीत. आता नेटवर्कचा धडा घेताना मी ही चूक फळ्यावर काढून दाखवते. असं कोण करेल, पोरं विचारतात. आवरताना होतं, एवढंच मी सांगते. कोणाच्या हातून झालं, ते अजून सांगितलेलं नाही.