मार्करच्या पसंतीची रॅकेट

माझ्या भावोजींचा एक शब्द माझ्या डोक्यात जातो. "चालेल." चहा गार झालाय? चालेल. सुट्टी रद्द झाली? चालेल. लग्न ठरत होतं तेव्हा ताईकडे धड न बघताच म्हणाले होते, "चालेल." ताई अजून त्यावरून त्यांना टोचते. "मी काय बसमधली जागा होते का?" म्हणते. भावोजी हसतात. हसण्यापलीकडे त्या माणसाला दुसरं उत्तरच येत नाही.

ते टेनिस क्लबात मार्कर आहेत. ज्या मेंबरचा जोडीदार आला नाही त्याच्याशी खेळायचं, हे मार्करचं काम. ऐकायला मजेचं वाटतं. सव्वीस वर्षं, रोज सकाळ-संध्याकाळ, समोरच्याला घाम फुटेल पण धाप लागणार नाही, तो जिंकेल पण फुकट जिंकल्यासारखं वाटणार नाही, असं खेळून दाखवा आणि मग मजा म्हणा.

सोळाव्या वर्षी तिथे लागले ते मातीच्या कोर्टावर रोलर ओढायला. दुपारी कोर्ट रिकामं असलं की मागच्या भिंतीवर चेंडू मारत शिकले, एका सर्जनने टाकून दिलेल्या तडकलेल्या रॅकेटने. कोणी शिकवलं नाही. मीही कायदा शिकलो तो रद्दीतल्या पुस्तकांवर, आणि आज वकिलांना घाम फोडतो. फरक एवढाच की मी शिकलेलं वापरतो.

त्यांच्या हातात आजवर आलेली प्रत्येक रॅकेट कुणाची तरी उतरलेली. सर्जनची, मग एका बँकवाल्याची, आणि आत्ताची एका मेंबर बाईंच्या वारलेल्या नवऱ्याची. मूठ नेहमी दुसऱ्याच्या हाताच्या मापाची. जाड असली तर पट्टी सोलायची, बारीक असली तर ताईच्या शिवणकामातली चिंधी गुंडाळायची. "तुमचा क्लब माझ्या चिंध्यांवर चाललाय," असं ताई येईल त्याला ऐकवते.

यंदा कमिटीला शहाणपणाचा झटका आला. चोवीस वर्षांचा एक नवा कोच आणला, आणि ठरवलं की मार्करांनी त्याच्याशी एकेक सेट खेळून दाखवायचा. सेटमध्ये तीन गेम घेतले तर कोर्टावर राहायचं. नाही घेतले तर परत मैदानाच्या कामाला. बाकीचे दोन मार्कर पोरसवदा, त्यांना काळजी नव्हती. काळजी होती ती आमच्या माणसाची. पंचेचाळिसाव्या वर्षी परत रोलर!

कामगार संघटनेचं काम मी वीस वर्षं करतोय. तडक सेक्रेटरींच्या खोलीत गेलो.

"परीक्षा घ्यायची तर हत्यार द्या," मी म्हणालो. "तुमचा कोच कोऱ्या रॅकेटने खेळणार आणि आमचा माणूस मयताच्या?"

"मयताच्या?" सेक्रेटरी दचकले.

"विचारा तुमच्याच मेंबर बाईंना."

तीन चकरा मारल्या. पंधरा दिवसांची मुदत मिळाली आणि प्रत्येक मार्करला क्लबतर्फे एक नवी रॅकेट. पत्र टाइप होताना मी डोक्यावर उभा राहून दोन शब्द घालून घेतले: 'मार्करच्या पसंतीची'. नाहीतर गोदामात पडलेलं काहीतरी गळ्यात मारलं असतं. मी ओळखतो यांना.

पत्र घेऊन ताईकडे गेलो. भावोजी जेवत होते. वाचून दाखवलं.

"अरे वा," ते म्हणाले. "कुठलीही चालेल."

भिंतीवर डोकं आपटायचंच बाकी ठेवलं मी. ताई म्हणाली, "आपट, पण त्या बाजूला. इकडचा रंग ओला आहे."

दुसऱ्या दिवशी धरून दुकानात नेलं. दुकानदाराने काउंटरवर तक्ता पसरला. प्रत्येक रॅकेटपुढे तीन रकाने: पॉवर, कंट्रोल, फील. आणि रकान्यांत चांदण्या. कुठे पाच, कुठे दोन. एका रकान्यात जास्त चांदण्या हव्या तर दुसऱ्यातल्या सोडायच्या. माणसाला खरेदीला लावायचं असेल तर आधी त्याला गोंधळात टाकावं, हा बाजाराचा जुना धंदा. मी म्हटलं, "तक्ता राहू दे, माणसासारखं सांगा."

दुकानदार बरा होता. त्याने तीन रॅकेटी काढल्या. पहिलीचं तोंड मोठं, वजन कमी, फ्रेम जाड आणि ताठ. "हिला नुसतं टेकवलं तरी चेंडू पळतो. जोर ही लावते, तुम्ही नाही." दुसरीचं तोंड लहान, तारा दाट, वजन भरपूर. "ही जिथे पाठवाल तिथेच पाठवते. पण जोर घरून आणायचा." तिसरी दोघींच्या मधली, फ्रेम जरा लवचीक. "ही हाताला सांगते चेंडू कुठे लागला ते."

"हाताला सांगते म्हणजे?" मी विचारलं.

"ते खेळणाऱ्याला कळतं," दुकानदार म्हणाला आणि भावोजींकडे बघितलं. भावोजी रॅकेटीकडे बघत होते. तिन्ही आठवडाभर वापरून बघायला मिळाल्या.

पहिलीने भावोजींचा चेंडू मागच्या जाळीवर जाऊन आदळला. दुसरीने अर्ध्या तासात खांदा भरून आला. तिसरीने काही झालं नाही. मी कोर्टाबाहेरच्या बाकावर वही घेऊन बसलो होतो.

"पहिली कशी?"

"चालेल."

"दुसरी?"

"चालेल की."

"तिसरी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी काय म्हणणार ते ओळखून फक्त मान हलवली. म्हणजे तेच.

"अहो भावोजी, आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला कोणी विचारतंय! तीनशे माणसांच्या क्लबात तुमची पसंती टाइप करून घेतलीय मी! रोलर ओढायचाय का परत?"

"ओरडू नकोस, पुढारी. मेंबर बघतायत."

मला ते पुढारी म्हणतात. चिडवायला म्हणतात की कौतुकाने, हे वीस वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

शेवटी मीच ठरवलं. पहिली. जोर असलेली. समोर चोवीस वर्षांचा पोरगा आहे, इकडे पंचेचाळीस वर्षांचं कोपर. जोर रॅकेटीने लावलेला बरा. यात न कळण्यासारखं काय आहे? भावोजी म्हणाले, "तू म्हणतोस तर." तीच घेऊन ते दोन दिवस रोजच्या कामाला गेले.

तिसऱ्या दिवशी ताईकडे पोचतो तर भावोजी दारातच. चपला घालून तयार.

"ही नाही चालणार," ते म्हणाले.

मी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी बोललं का म्हणून. आतून ताई शिवणयंत्र थांबवून बाहेर आली. "काय म्हणालात?"

"नाही चालणार."

झालं होतं असं. सकाळी डॉक्टरबाईंची वेळ असते. बाई सत्तरीच्या, गुडघे गेलेले, पण येतात. सव्वीस वर्षं भावोजी त्यांना चेंडू कमरेच्या उंचीवर, उजव्या हाताला, एका पावलाच्या अंतरावर देतात. त्या दिवशी तोच हात, तीच हालचाल, आणि चेंडू सुसाट जाऊन बाईंच्या खांद्यावर बसला. "लक्ष नव्हतं माझं," म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

"त्यांचं लक्ष होतं," भावोजी म्हणाले. "माझं नव्हतं. ही रॅकेट मला विचारतच नाही. मारते आणि मोकळी होते. वर कोपरात झिणझिण्या."

"अहो पण परीक्षा बाईंशी नाहीये! त्या पोराशी आहे!"

"हात तोच आहे ना," ते म्हणाले. "चल दुकानात."

दुकानात त्या माणसाने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. पाऊण तास बोलत होता. माझे भावोजी! तिसरी रॅकेट घेतली, बोट मधोमध लावून तोलली. म्हणाले, तोंडाकडे जड लागतेय, मुठीच्या आत थोडं वजन भरा. तारा सैल आहेत, चेंडू जास्त वेळ बसून उडतोय, थोड्या ताणून ओवा. पण फार नको, फार ताणल्या की लाकडाच्या फळीने मारल्यासारखं वाटतं. मूठ एका वेढ्याने बारीक करा. दुकानदार आधी तोंड वासून बघत होता, मग कागद घेऊन लिहायला लागला.

"जोर कमी पडेल हं काका," तो म्हणाला.

"जोर समोरचा आणतोच," भावोजी म्हणाले. "मला चेंडू तारांवर कुठे बसला ते मनगटात कळलं पाहिजे. एवढं एकच बघा."

इतकं सगळं माहीत होतं, तर हा माणूस सव्वीस वर्षं लोकांच्या उतरलेल्या रॅकेटींना चिंध्या का गुंडाळत बसला होता? बाहेर आल्यावर विचारलं.

"कोणी विचारलं नव्हतं," म्हणाले.

"मी विचारलं! तीन दिवस विचारतोय!"

"तू विचारत नव्हतास. तू ओरडत होतास."

परीक्षेच्या दिवशी कोर्टाभोवती पंधरा-वीस मेंबर, सेक्रेटरी वर आपल्या खिडकीत, आणि जाळीला नाक लावून मी. ताई आली नाही. "तुझ्या शेजारी उभं राहिलं की मला माझंच ऐकू येत नाही," म्हणाली.

पहिले चार गेम गेले. चार-शून्य. कोच सणसणीत मारत होता आणि भावोजी ते परत देत होते. पण कुठे? त्याच्या उजव्या हाताला! कमरेच्या उंचीवर! एका पावलावर! अहो, कोपऱ्यात मारा, डावीकडे मारा, त्याला पळवा! पण हाताला सव्वीस वर्षांची सवय. समोर कोण आहे हे त्या हाताला कळतच नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी. आणखी दोन गेम, की उद्या रोलर.

पाचव्या गेममध्ये कोचने एक चेंडू बाहेर घालवला. मग दुसरा. मला वाटलं नशीब. मग लक्षात आलं. इतका आयता, इतका गोड चेंडू पुन्हा पुन्हा मिळाला की माणसाला मोह होतो. अजून जोरात मारावा, अजून रेषेजवळ मारावा. मेंबरांचं हेच होतं, आणि ते कुठल्या क्षणी होतं हे भावोजींना तोंडपाठ आहे. फक्त रोज ते तो क्षण टाळतात. आज टाळत नव्हते. तोच चेंडू, जरासा हळू, जरासा उंच. पोरगा झेपावून मारायचा आणि चेंडू मागच्या जाळीत. चार-एक. चार-दोन.

पुढच्या गेमला बरोबरी चालू होती. कोचचा चेंडू भावोजींच्या बाजूला रेषेच्या वीतभर बाहेर पडला. आपल्या बाजूचं आपण सांगायचं, असा तिथला नियम. भावोजी ओरडले, "आत!"

सवय! सव्वीस वर्षं मेंबरांचे बाहेरचे चेंडू आत म्हणायची सवय! मी जाळी गदागदा हलवली. "अहो भावोजी, डोळे फुटले का?"

कोच पुढे आला. "काका, बाहेर होता तो."

"असू दे," भावोजी ओशाळून म्हणाले. "मी आत म्हणालो ना."

तो पॉइंट गेला, त्यामागे गेमही. पाच-दोन. आता एक गेम गेला की सेट संपला. पुढच्या गेमला मी डोळे मिटून घेतले. खोटं सांगत नाही, मिटले. चेंडूचा आवाज ऐकत उभा राहिलो. ठप्, ठप्, ठप्, आणि मग जाळीचा खणखणाट. असं चारदा. डोळे उघडले तर कोच कपाळ पुसत होता आणि डॉक्टरबाई टाळ्या वाजवत होत्या. पाच-तीन.

तीन गेम झाले. कोर्ट राहिलं. मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली.

आणि इथून पुढचं मी कुणालाच समजावू शकलेलो नाही. पुढच्या गेमला भावोजी चाळीस-शून्यने पुढे होते. पोरगा पार मोडला होता, रॅकेट मांडीवर आपटत होता. एक पॉइंट, की पाच-चार, आणि मग कोण थांबवतंय? अशा जागेवरून त्या माणसाने सलग पाच पॉइंट घालवले. घालवले म्हणजे दिले. दोन तर हलकेच मधल्या नेटमध्ये, ठेवून दिल्यासारखे. सहा-तीन. हसत जाऊन कोचशी हात मिळवला.

सेक्रेटरींनी वरूनच कागद हलवून दाखवला, सही झाली म्हणून. मी कोर्टात घुसलो. भावोजी टोपली घेऊन चेंडू गोळा करत होते.

"का?" मी म्हणालो. "का दिलात?"

"तीनच मागितले होते."

"मागितले तेवढेच देतो तो हमाल! सेट होता हातात!"

"अरे, रडकुंडीला आला होता तो. उद्यापासून त्याच्याबरोबर काम करायचंय मला. आणि स्वतःचा बाहेरचा चेंडू बाहेर म्हणाला. किती जण म्हणतात?"

"ते सोडा. खरं सांगा. घेतला असता सेट?"

त्यांनी टोपली खाली ठेवली. नव्या रॅकेटच्या तारा बोटाने सरळ केल्या.

"काय माहीत," म्हणाले. "कधी घेऊन बघितला नाही."

"मग बघा ना एकदा!"

"उद्या सकाळी यायचं म्हणतोय तो, मेंबर यायच्या आधी. म्हणाला, काका, परीक्षा नको, नुसता सेट खेळू. मी हो म्हटलंय." टोपली परत उचलून ते चालायला लागले. "तू मात्र येऊ नकोस. ओरडतोस."

"मी ओरडत नाही!" असं मी इतक्या मोठ्याने म्हणालो, की सेक्रेटरींनी परत खिडकीतून डोकं बाहेर काढलं.