काकांच्या खोलीतली घुरघुर

आमचे काका वारल्यानंतर आठ महिन्यांनी पुन्हा जेवायला लागले.

मी भोकरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमचं घर तिथून जवळच्या गावात. काका गेल्यापासून परसातली त्यांची खोली काकूनं बंद ठेवली होती. आत बाज, लोखंडी पेटी आणि त्यांचं घोंगडं, एवढंच. मे महिन्यातल्या एका दुपारी, सगळं गाव उन्हानं चिडीचूप असताना, त्या खोलीतून आवाज आला. खोल, दाबलेला. घुर्रर्र. काका रागावले की बोलायच्या आधी अगदी असेच घुरघुरायचे.

"ऐकलं का?" बायकोनं विचारलं.

"वारा असंल," मी म्हणालो. (झाडाचं पानही हलत नव्हतं.)

काकू मात्र घाबरली नाही. खिडकीच्या तुटक्या झडपेतून तिनं ताटलीत चतकोर भाकरी अन् वाटीभर पाणी आत ठेवलं. संध्याकाळी ताटली साफ. दुसऱ्या दिवशीही साफ. मग ती रोज दुपारी दाराशी पोतं टाकून बसायला लागली. पेरणी, भावकी, कोणाच्या पोरीचं जमलं, सगळं दाराला सांगायची. मधेच आतून घुर्र व्हायचं आणि ती समजल्यासारखी मान हलवायची.

"काकू, आत कोणी न्हाई."

"मग भाकर कोण खाऊन राहिलं? तू?"

उंदीर म्हणावं, तर उंदीर घुरघुरत नाही. विज्ञान इथं संपलं.

आठव्या दिवशी बायकोनं पिशवी भरली. "एक तर आत जाऊन बघा, न्हाईतर मला माहेरी उमरीला सोडा."

काकूनं किल्ली दिली. "बघ. पण त्यायला हाकलू नको रे बाबा."

दार उघडलं. उन्हातून आत आल्यामुळं काही दिसेना. तंबाखूचा वास तसाच होता. मी एक पाऊल टाकलं. घुर्रर्र, बाजेवरून. दुसरं टाकलं, तसं बाजेवरचं घोंगडं माझ्या डोळ्यांदेखत फुगलं. कोणी आतून श्वास घ्यावा, तसं.

"काका," माझा आवाज मलाच ओळखू येईना, "तुमचा चष्मा मांजरानं न्हाई, मी फोडला."

घुर्र.

"बैलाचं दावं पण मीच सैल बांधलं होतं."

घुर्र. त्यांचं समाधान होत नव्हतं.

"अन् पोरगी बघायला गेलो, तवा माझं वय मीच तुम्हाला कमी करून सांगायला लावलं."

"किती कमी?"

हा आवाज काकांचा नव्हता. बायको दारात उभी होती.

दचकून मी बाजेचा आधार घ्यायला गेलो, हात घोंगड्याखाली शिरला आणि गरम, जिवंत असं काहीतरी बोटाला कडाडून चावलं. मी आधी पेटीवर आदळलो, मग जमिनीवर. मी किंचाळलो म्हणतात. मला आठवत नाही.

काकू आत आली, वाकली आणि घोंगडं उचललं. पिसं फुलवून, डोळे वटारून आमची लाल कोंबडी बसली होती. दोन आठवडे झाले, तिला मुंगसानं नेलं असं आम्ही धरून चाललो होतो. पोटाखाली अकरा अंडी.

"अगं, खुडूक बसली होय तू," काकू हळूच म्हणाली. "अंडी उबवून राहिलीस."

आता ती रडते की काय, असं मला वाटलं. पण तिनं घोंगड्याचं टोक पुन्हा कोंबडीवर ओढलं. "राहू दे हितंच. मी म्हणत होते ना, खोली रिकामी न्हाई."

नऊ पिल्लं निघाली. काकूच्या गप्पा अजून चालू आहेत, फक्त आता त्या खुराड्यापाशी चालतात.

आणि घरात काही हरवलं की बायको मला एक शब्द विचारत नाही. कोंबडीकडं बोट दाखवून म्हणते, "जा, तिच्यापुढं बसून या." मी जातो. ती नुसती घुर्र करते आणि विज्ञानाचे गुरुजी पाच मिनिटांत सगळं कबूल करून येतात.